गवत कोण खातं?

हेंडरसन, नेव्हाडा

तीर्थरूप आत्यास,


हे पत्र पोस्टानं येणार नाही, छापून येणार आहे. त्याला कारण आहे. मी तुला लागेल असं बोलले ते दहा-बारा माणसांदेखत. आता चूक कबूल करायची तर तुला एकटीला फोनवर गाठून, आवाज खाली घेऊन करायची, हे काही बरोबर नाही. तेव्हा चष्मा लाव, मामांना मोठ्यानं वाचून दाखव, आणि शेजारच्या काकूंना दाखवावंसं वाटलं तर खुशाल दाखव.

तू आलीस तो २०१९ चा मे. विमानतळावरून घरी पोचलो, बॅगा अजून गाडीतच होत्या आणि तू दारातल्या हिरवळीपाशी थबकलीस. सकाळचे आठही वाजले नव्हते, तरी अंगाला झळ लागत होती. फवारे फिरत होते. तू विचारलंस, "हे गवत कोण खातं?"

मी हसले. म्हटलं, कोणी नाही, पंधरा दिवसांनी माणूस येतो, कापतो आणि पिशवीत भरून घेऊन जातो. तू पदर सावरून परत एकदा त्या हिरव्या चौकोनाकडं बघितलंस. "म्हणजे पाणी घालायचं, वाढवायचं, कापायचं आणि फेकून द्यायचं? एक म्हैस तरी बांधा की." पुढं कितीतरी दिवस हा आमच्या घरातला विनोद झाला होता. कोणीही आलं की मी तुझी नक्कल करून दाखवायची.

इथले पाण्याचे नियम तुला समजावून सांगताना मला आपण फार शहाण्या झालो आहोत असं वाटायचं. १ मे ते ३१ ऑगस्ट हा इथला उन्हाळी हंगाम. रविवार सोडून रोज बागेला पाणी देता येतं, पण सकाळी ११ ते संध्याकाळी ७ फवारे चालवायचे नाहीत. पुढं सप्टेंबर-ऑक्टोबरात आठवड्यातले तीनच दिवस, हिवाळ्यात एकच, आणि कोणत्या घरानं कोणत्या वारी पाणी द्यायचं ते नेमून दिलेलं असतं. पाणीही एका दमात सोडायचं नाही. चार-चार मिनिटांच्या तीन पाळ्या, मधे तासाभराची उसंत. कारण इथल्या जमिनीत थोडं खाली गेलं की चुनखडीचा सिमेंटासारखा टणक थर लागतो, पाणी खाली उतरत नाही, वरूनच वाहून जातं. हे सगळं मी तुला छापील पत्रक हातात धरून वाचून दाखवलं. तू म्हणालीस, "वाफ्यात पाणी मुरू द्यावं, हे सांगायला ऑफिस काढलंय होय?"

आणि तो पाटाचा प्रसंग. आमच्या गल्लीत एका घरचा फवारा मोडला होता. भर दुपारी तो गवताऐवजी फुटपाथ भिजवत होता, आणि पाणी कडेकडेनं उतारानं चाललेलं. मी ऑफिसात होते. घरी आले तर शेजारीण हसू दाबत सांगायला आली, तुमची आजी रस्त्यावर खेळत होती म्हणून. जाऊन बघते तर तू खुरपं आणि कुंडीतली माती घेऊन फुटपाथवर वीतभर उंचीचा बांध घातलेला आणि सगळं पाणी वळवून कोपऱ्यावरच्या वाळत चाललेल्या झाडाच्या बुडात नेऊन सोडलेलं. साठ ओलांडलेली बाई, अंगावर सुती नऊवारी, पायात माझ्या लेकाचे बूट, आणि नेव्हाडाच्या फुटपाथवर दारं धरतेय! मी तुला घाईघाईनं आत ओढलं. म्हटलं, आत्या, इथं पाणी वाया घालवणाऱ्यांना पकडायला माणसं फिरतात, गाडीतून, व्हिडिओ काढतात, पहिल्या खेपेला दंड, पुन्हा चुकलं की आणखी. तुलाच धरायचे एखाद्या वेळी.

तू हातपाय धुता धुता सहज बोलून गेलीस, "आमच्याकडं पाणी भरणाऱ्यांवर पोलीस होते. इथं सांडणाऱ्यांवर आहेत म्हण की. बरंय."

तेव्हा मला त्यातलं अर्धंच कळलं. २०१६ च्या मार्चमध्ये लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती कलम १४४ लावलं होतं, टँकर भरायच्या जागी पाचांपेक्षा जास्त माणसांनी जमायचं नाही म्हणून. ते मी इथं बसून बातम्यांत वाचलं होतं. तू मात्र कळशी घेऊन त्या रांगेत उभी होतीस. मांजरा धरण जोत्याखाली गेलं, मग मृतसाठाही संपला, आणि एप्रिलच्या १२ तारखेला मिरजेहून पाण्याची ती पहिली रेल्वेगाडी, 'जलदूत', आली. दहा वाघिणी, मिळून पाच लाख लिटर. राजस्थानातल्या कोट्याहून आणलेल्या टाक्या, आतून वाफेनं धुतलेल्या. पुढं पन्नास वाघिणींची गाडी यायला लागली, पंचवीस लाख लिटरची. फोनवर मी उत्साहात विचारलं होतं, "आत्या, जलदूत बघितलीस का?" तू म्हणालीस, "बघायला गर्दी फार होती. मला घागर भरायची होती." मामा मात्र त्या उन्हाळ्यात वेगळ्याच दुःखात होते. मैदानांच्या गवताला पाणी घालायचं की माणसांना, असा वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवायचा आदेश झाला. पाऊस नाही तर नाही, निदान क्रिकेट तरी असू द्या, असं ते म्हणायचे.

तुझ्या घरी मी अकरावी-बारावीची दोन वर्षं काढली, लातूर पॅटर्नमध्ये घासून निघायला आले होते. आता विचार करते तर त्या दोन वर्षांत शिकवणीत शिकले त्यातलं फारसं डोक्यात राहिलं नाही, तुझ्या मोरीतला पाण्याचा क्रम मात्र पाठ आहे. तांदूळ धुतलेलं पाणी जास्वंदीला. कपड्यांचं पहिलं साबणाचं पाणी संडासात, शेवटचं निवळ पाणी फरशीला, आणि फरशी पुसून उरलेलं अंगणात सड्याला. आंघोळ पाटावर बसून, परातीत, आणि परातीतलं पाणी पपईच्या आळ्यात. गल्लीत आठ-दहा दिवसांनी नळ यायचा. नळ आला की शेजारपाजारची माणसं शिळं पाणी म्हणून भरलेले ड्रम उपडे करायची आणि नवीन भरायची. तुला ते बघवायचं नाही. "पाणी काय भाकरी आहे का शिळं व्हायला?" असं तू गच्चीवरून ओरडून सांगायचीस आणि भांडण ओढवून घ्यायचीस.

म्हणून इथं आल्यावर तू न्हाणीघरात बादली ठेवलीस, त्याचं मला नवल वाटायला नको होतं. आमचा पाणी तापवायचा बंब आहे गाड्यांच्या शेडमध्ये, न्हाणीघर घराच्या दुसऱ्या टोकाला. गरम पाणी येईपर्यंत दीड-दोन मिनिटं गार पाणी वाहतं. स्वच्छ, पिण्याजोगं. ते तू बादलीत धरायचीस आणि मागच्या अंगणात, स्वयंपाकघराच्या खिडकीखाली तू लावलेल्या पुदिन्याला आणि लिंबाच्या रोपट्याला घालायचीस. रोज चार-पाच बादल्या. वाटेत सांडायचं, गालिचा ओला व्हायचा, आणि माझं डोकं उठायचं.

मग आषाढी आली. फराळाला इथली मराठी माणसं बोलावली होती. साबुदाण्याची खिचडी, भगर, दाण्याची आमटी, सगळं तू केलेलं. कोणीतरी न्हाणीघरात गेलं आणि बादलीला अडखळलं. बाहेर येऊन हसत म्हणालं, "आजी, लातूर सोडलंत तरी बादली सोडली नाही." आणि मी, सगळ्यांच्या हसण्यात, हातात खिचडीचा डाव घेऊन तुला व्याख्यान दिलं. "आत्या, कितीदा सांगितलं, इथं हे बादलीचं खूळ नको. इथं मोरीत गेलेलं पाणी परत तळ्यात जातं. तू झाडाला घालतेस तेच खरं वाया जातं. तू वाचवत नाहीस, उलट घालवतेस." तू काही बोलली नाहीस. उठून ताटं गोळा करायला लागलीस. दुसऱ्या दिवशी बादली न्हाणीघरातून गेली. मला वाटलं, पटलं तुला.

मी सांगितलं ते खोटं नव्हतं, हे आधी लिहिते. नाहीतर वाचणाऱ्यांना वाटेल भाचीनं भावनेच्या भरात गणित सोडून दिलं. लास वेगास आणि आजूबाजूच्या गावांना दहातले नऊ हिस्से पाणी कोलोरॅडो नदीचं. हूवर धरणामागच्या मीड तळ्यातून ते पंपानं वर ओढतात. या नदीचं वाटप १९२२ च्या करारानं सुरू झालं आणि १९२८ च्या कायद्यात नेव्हाडाच्या पदरात वर्षाला ३ लाख एकर-फूट पडलं. एक एकर रानात फूटभर पाणी उभं राहील ते एक एकर-फूट. आकडा ऐकायला मोठा, पण सगळ्या वाटेकऱ्यांत हे शंभरातले दोनही नाहीत. १९२० च्या शिरगणतीत वेगासची वस्ती अडीच हजारसुद्धा नव्हती. एवढ्याशा गावासाठी कोण भांडणार? तर या अपुऱ्या वाट्यात एक सोय आहे. घेतलेल्या पाण्यातलं जेवढं शुद्ध करून परत तळ्यात सोडाल, तेवढं पुन्हा उचलता येतं. घरातल्या मोरीतलं, संडासातलं, भांडी घासलेलं, जवळजवळ सगळं पाणी शुद्धीकरण केंद्रातून एका ओढ्यात आणि ओढ्यातून परत मीड तळ्यात जातं. आंघोळीला कितीही वेळ लावा, तळ्याच्या हिशेबात फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो दाराबाहेर. गवतानं प्यायलेलं, उन्हानं ओढलेलं पाणी परत येत नाही. म्हणून इथली सगळी करडी नजर फवाऱ्यांवर, आणि आंघोळीचं पाणी बागेत सोडायला उत्तेजन नाही. आपल्याकडं शहाणपण ठरतं ते इथं जवळजवळ खोडी ठरतं.

तुला तळं दाखवायला नेलं होतं, आठवतं? धरणाची ७२६ फुटांची भिंत बघून तुला काही वाटलं नाही, पण तळ्याच्या काठच्या खडकांवरचा तो पांढरा पट्टा बघून तू गप्प झालीस. पाणी पूर्वी जिथवर होतं तिथवर क्षार चढलेला. "घंगाळ्याला चढतो तसा," तू म्हणालीस. मग विचारलंस, "जोतं किती खाली आहे?" इथं येणाऱ्या पाहुण्यांपैकी हा प्रश्न विचारणारी तू एकटीच. मी तुला सांगितलं की शहरानं तळ्याखालून बोगदा खणून बुडापाशी तिसरी नळी घातली आहे, २०१५ मध्ये ती सुरू झाली. तू मान हलवलीस. "म्हणजे त्यांना पण माहितीय." तू गेल्यावर तीन वर्षांनी, २०२२ च्या जुलैत, पाणी २००० सालच्या मानानं १७० फुटांच्या वर खाली गेलं होतं. १९३० च्या दशकात तळं पहिल्यांदा भरत होतं, त्यानंतर इतकं खाली कधीच गेलं नव्हतं.

त्याच फेरीत मी तुला सांगितलं की लास वेगास म्हणजे स्पॅनिश भाषेत कुरणं. वाळवंटाच्या मधोमध झरे होते, झऱ्यांभोवती खरंखुरं गवत होतं, वाटसरू तिथं थांबायचे. वाफेच्या इंजिनांना पाणी लागायचं, म्हणून लॉस एंजेलिसकडं जाणाऱ्या रेल्वेनं तिथं ठाणं केलं आणि १९०५ मध्ये भूखंडांचा लिलाव होऊन गाव वसलं. मग माणसांनी इतकं उपसलं की १९६२ मध्ये झऱ्यांचं पाणी वर यायचं थांबलं. यावर तू जे बोललीस ते मला तेव्हाच लिहून ठेवायला हवं होतं. "इथं पाणी होतं म्हणून रेल्वे आली. आमच्याकडं पाणी नव्हतं म्हणून रेल्वे आली." आणि मग अगदी तुझ्या पद्धतीनं, "बरं, जेवायचं कधी?"

वेगासमधल्या एका हॉटेलापुढची नाचणारी कारंजीही दाखवली होती. एवढं पाणी कुणाचं, असं तू विचारल्यावर लेकानं ऐटीत उत्तर दिलं, की ते तळ्यातलं नाही, त्या हॉटेलच्या जागी पूर्वी गोल्फचं मैदान होतं, त्याच्या विहिरीचं आहे. "विहिरीचं का असेना, नाचवायचं कशाला?" म्हणालीस आणि पाठोपाठ तीन खेळ बघितलेस. हेही छापून येऊ दे.

तू ऑगस्टअखेर परत गेलीस. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात खिडकीखालचा पुदिना करपला आणि लिंबाची पानं गळायला लागली. मला कळेना. तिथं ठिबकची नळी टाकलेली होती, घड्याळाप्रमाणं पाणी सुटत होतं, बाकी झाडं ठीक होती. वाकून बघितलं तर तिथं जाणाऱ्या नळीची छोटी तोटी बंद. नुसती बंद नाही, तिला हिरव्या लुगड्याची चिंधी गाठ मारून बांधलेली, चुकून कोणी उघडू नये म्हणून. माझा संताप झाला. आत्यानं काय काय उद्योग करून ठेवलेत, असं मी घरात बडबडले. चिंधी सोडली, तोटी उघडली. लिंबू वाचलं, पुदिना गेला.

खरी गोष्ट कळायला मला तीन वर्षं लागली.

मधल्या काळात तुझ्या प्रश्नाचा इथं कायदा झाला. नेव्हाडाच्या विधिमंडळानं २०२१ मध्ये ठरवलं की ज्या गवतावर कोणी चालत नाही, बसत नाही, खेळत नाही, त्याला नदीचं पाणी द्यायचं नाही. दुकानांपुढचं, रस्त्यांच्या मधल्या पट्ट्यातलं, सोसायट्यांच्या कडेचं शोभेचं गवत, ज्याच्यावर पाय पडतो तो फक्त कापणाऱ्याचा. १ जानेवारी २०२७ पासून ते पाणी बंद. कायद्यात त्या गवताला जो शब्द आहे त्याचं मराठी करायचं तर बिनकामाचं गवत. गवत कोण खातं, हे तू दोन वर्षं आधी विचारलं होतंस. मामांना सांग, आपल्या घरातली बाई विधानसभेच्या पुढं होती.

हा कायदा घरांच्या अंगणाला लागू नाही. तिथं धाक नाही, पैसे आहेत. १९९९ पासून योजना चालू आहे: गवत काढा, वाळवंटात जगणारी झाडं लावा, चौरस फुटाप्रमाणं पैसे घ्या. आम्ही काढलं तेव्हा फुटाला तीन डॉलर मिळत होते. आधी त्यांचा माणूस येऊन मोजून जातो, मगच गवताला हात लावायचा. आणि नुसते दगड अंथरून भागत नाही, झाडं वाढली की निम्मी जागा त्यांनी झाकली पाहिजे. आमचं निघालं ८०० चौरस फूट. एका चौरस फुटामागं वर्षाला ५५ गॅलन पाणी वाचतं असा इथला हिशेब आहे. मी ते लिटरमध्ये केलं तर दोनशे आणि वर थोडे. थांबले. दोनशे लिटर म्हणजे तुझ्या मोरीतला निळा ड्रम. आमच्या दारातला गवताचा प्रत्येक फूट म्हणजे एक ड्रम, असे आठशे ड्रम दर वर्षी. पेन्सिल हातात होती म्हणून पुढं गेले. दीड लाखाच्या वर, एक लाख सहासष्ट हजार लिटर. आमच्यासारख्या तीन घरांचं गवत धरलं तर पाच लाख. पहिली जलदूत, दहाही वाघिणी.

त्या रात्री मला झोप आली नाही आणि पेन्सिलही खाली ठेववेना. तुझ्या बादलीचाही हिशेब मांडला. समज, दहा लिटरची एक बादली. ती मोरीत ओतली तर तळ्यातून दहा घेतले, दहा परत गेले, फिटंफाट. पण झाडाला पाणी लागतंच. ते ठिबकनं दहा लिटर दिलं, ते गेलं. म्हणजे उचलले वीस, परत दहा, खर्च दहा. आता तुझी पद्धत. बादली झाडाला, आणि ठिबकची तोटी बंद. उचलले दहा, परत काही नाही, खर्च दहा. तोच खर्च. उलट दहा लिटर कमी शुद्ध करावे लागले, दहा लिटर कमी ओढावे लागले तळ्यातून इतक्या उंचावर, आणि पाण्याइतकं जड काय असतं हे डोक्यावर हंडा घेतलेल्या बाईला मी सांगायचं का? माझं बरोबर ठरलं असतं तर फक्त एका गोष्टीनं: तू बादलीही घातली असतीस आणि तोटीही चालू ठेवली असतीस. एका झाडाला दोनदा पाणी.

आणि तिथंच ती चिंधी होती. तू तोटी बंद केली होतीस, बादली सुरू केली त्या दिवसापासून. माझ्या व्याख्यानाच्या आधीपासून. आणि आषाढीनंतर बादली न्हाणीघरातून गेली ती कुठं गेली, हेही त्याच रात्री माझ्या ध्यानात आलं. पुदिना ऑगस्टअखेरपर्यंत हिरवागार होता आणि नळी बंद होती. मी ऑफिसला गेल्यावर तू बादल्या भरतच होतीस, माझी मर्जी राखून, माझ्या नकळत. तळ्याचा, ओढ्याचा, करारांचा हिशेब तुला माहीत नव्हता. एका झाडाला दोन पाणी द्यायचं नाही, एवढंच तुला माहीत होतं. मी तोंडी हिशेब केला तो अर्धाच केला आणि तुला सगळ्यांपुढं चूक ठरवलं. आत्या, चूक माझी होती.

वाचणारे म्हणतील, दहा लिटरचं एवढं काय. मीही म्हणते. या नदीचं सगळ्यात जास्त पाणी ना आंघोळीला जातं ना अंगणाला, ते जातं शेतीला, आणि शेतीतही गुरांच्या चाऱ्याला. त्यातलं मोठं पीक म्हणजे लसूणघास. म्हणजे एका अर्थी गवतच, आणि ते खरोखर गुरं खातात, तेव्हा तुझ्या प्रश्नाला तिथं उत्तर आहे. पण वाळवंटात दर कापणीला पाणी पिणारं ते गवत कुणी कमी करायचं, यावर नदीची वाटेकरी सात राज्यं भांडत बसली आहेत. आपल्याकडंही वेगळं नाही. वेगासला वर्षाला शंभर मिलिमीटर पाऊस पडतो, लातूरला सातशे-आठशे. तरी रेल्वेनं पाणी आणायची पाळी कुणावर आली? गावाकडं मामांचा एकरभर ऊस आहे, हे मी छापते आहे म्हणून त्यांनी रागावू नये. दहावीच्या सुट्टीत मी तुला विचारलं होतं, की आपण इथं परातीत बसून आंघोळ करतो आणि तिकडं उसाला रात्रभर मोटर चालू असते, हे कसं? तू भाकरी थापत होतीस. "बादली माझ्या हातात आहे. मोटरचं बटण मामांच्या." त्या दिवशी मामांनी जेवताना एक शब्द काढला नव्हता. नंतर त्यांनी निम्म्या उसाला ठिबक केलं, ते तुझ्यामुळं की अनुदानामुळं, हे तुम्ही दोघं आपसात ठरवा.

आता अंगणाचं सांगते. गवताच्या जागी बारीक खडी आणि झाडं. नर्सरीत जाऊन मी जे विकत आणलं ते ऐकून तू कपाळाला हात लावशील. घाणेरी! पिवळी आणि जांभळी, कुंड्यांत लावलेली, प्रत्येकीला लेबल आणि किंमत. आपल्या पडीक रानात जिला शेळीसुद्धा तोंड लावत नाही, ती मी पैसे मोजून आणली. कडेला कण्हेर. आणि सावलीला मेस्क्वीट, म्हणजे आपल्या वेड्या बाभळीची चुलत बहीण, बाजूच्या घरी तिला चार बाजूंनी टेकू देऊन लाडानं वाढवलंय. पहिल्या वर्षी सगळं भकास दिसायचं, लेक म्हणायचा, आई, आपलं घर पार्किंगसारखं दिसतं. दुसऱ्या वर्षी घाणेरी अशी फुलली की सकाळी गुणगुणणारे पक्षी यायला लागले, अंगठ्याएवढे, एकाच जागी पंख फडफडवत तरंगणारे. आता उन्हाचा पारा ४५ च्या पुढं गेला तरी ती मान टाकत नाही. २०२४ च्या जुलैत ४८.९ झालं होतं, लास वेगासमधला आजवरचा उच्चांक. त्या दिवशी माझी मान गेली, घाणेरी तशीच.

हिरवळ गेली याचं वाईट वाटत नाही असं नाही. तू पहाटे उठून अनवाणी त्या ओल्या गवतावर फेऱ्या मारायचीस, गुडघ्यांना बरं वाटतं म्हणायचीस. तू चाललीस तेवढे तीन-चार महिने ते गवत कामाचं होतं.

न्हाणीघरात बादली परत आली आहे. लाल, झाकणाची, गालिचा ओला होऊ नये म्हणून. खिडकीखाली पुदिना नव्यानं लावलाय, लिंबाला यंदा सतरा फळं धरली. ठिबकची तोटी बंद आहे. तुझी चिंधी मी तेव्हा रागानं सोडली होती, पण टाकली नव्हती, हत्यारांच्या डब्यात सापडली. परत बांधली. पण इथल्या उन्हानं तिचा रंग पार उडालाय आणि मधे विरलीय. कोणी येणार असेल त्यांच्याबरोबर एक दुसरी पाठव, जुन्या सुती लुगड्याचीच, नायलॉनची नको, गाठ बसत नाही. आणि गल्लीत सध्या नळ किती दिवसांनी येतो ते कळव.

तुझी,
बादलीला अडखळणारी भाची